त्या सकाळचं सुप्रभात

चित्र साधं आहे. तारेवर बसलेल्या दोन चिमण्या, मागे उगवता सूर्य आणि कोपऱ्यात कुठून तरी आणून चिकटवलेला गुलाब. वर लाल अक्षरांत 'सुप्रभात', खाली पिवळ्या अक्षरांत 'हसत राहा, आयुष्य सुंदर आहे'. असली चित्रं रोज सकाळी घरोघरच्या मोबाइलवर येऊन पडतात आणि न वाचता पुसली जातात. हे मात्र पुसलं गेलं नाही. समाधान ढगेच्या मोबाइलवरून ते पहाटे पाच वीसला गेलं होतं. त्याच्या बायकोच्या मृत्यूच्या दाखल्यावर वेळ आहे पाच वाजून पाच मिनिटं.

या दोन वेळा शेजारी शेजारी ठेवून बऱ्याच लोकांनी समाधानबद्दल मत बनवलं. त्यातल्या बहुतेकांनी त्याला कधी पाहिलेलं नाही.

समाधान मूळचा परभणी जिल्ह्यातला. आयटीआयला वेल्डिंग शिकला आणि गावाकडच्या एका मुलाच्या ओळखीने चाकणला आला. गाड्यांच्या सीटचे सांगाडे बनवणाऱ्या कारखान्यात तो कंत्राटी वेल्डर आहे. पुनावळ्यात, नव्या टॉवरांच्या मागे उरलेल्या जुन्या वस्तीत, त्याने दोन खोल्या भाड्याने घेतल्या. बायको मिनल कासारवाडीची, शहरात वाढलेली. ती घरी ब्लाउज शिवायची. मुलगी दिव्या पाच वर्षांची. समाधान बोलायला कमी. रागावला तर दाराबाहेर जाऊन उभा राहायचा आणि राग गेला की आत यायचा, असं शेजारी सांगतात.

कारखान्याची बस वाकडहून निघते आणि हायवेने देहूरोडकडे जाते. पुनावळ्याचा ठरलेला थांबा हायवेवर आहे. वस्तीतून तिथे पोचायचं तर आधी भुयारी रस्ता आणि मग सर्व्हिस रोड, दोन्ही अंधारात चालावं लागतं. पहिल्या पाळीला वस्तीतल्या सात-आठ बाया जातात. दोन वर्षांपूर्वी त्यांतल्या आम्रपालीला भुयारात दोघांनी अडवलं. ती ओरडली, मागून दुधाचा टेम्पो आला, म्हणून निभावलं. त्यानंतर बसचा चालक धोंडीबा कोणाला न विचारता बस वस्तीच्या तोंडापर्यंत आत आणू लागला. धोंडीबा मावळातला, साठीला टेकलेला, बस कंत्राटदाराकडे नोकरीला. ठरलेला रस्ता सोडला तर कंत्राटदार पगार कापतो, पुन्हा सोडला तर घरी बसवतो. आतल्या रस्त्यावर पेट्रोल पंप आहे. कोणी विचारलंच तर हवा भरायला वळलो होतो, असं सांगायचं ठरलं.

अडचण एकच होती. पाळ्या बदलतात, सुट्ट्या येतात. वस्तीतलं कोणीच येणार नसेल तर आत वळून वेळ वाया जातो आणि बस कारखान्यात उशिरा पोचते. त्यामुळे वळायचं की नाही, हे धोंडीबाला आधी कळायला हवं. बस चालवताना तो फोन घेत नाही. बसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, पण त्यात कंत्राटदाराचा सुपरवायझरही आहे. शेवटी समाधानची सवय उपयोगी पडली. त्याला रोज सकाळी ग्रुपवर सुप्रभातचं चित्र टाकायची हौस होती. त्यावरून ठरलं, की त्याचं चित्र आलं म्हणजे माणसं उभी आहेत, बस आत घ्यायची. चित्र नाही आलं तर सरळ जायचं. धोंडीबाचा मोबाइल समोर काचेपाशी लावलेला असतो. त्याला नुसती नजर टाकली की कळतं.

मध्ये आणखी दोघातिघांनी चित्रं टाकायला सुरुवात केली, तेव्हा सुपरवायझरने ग्रुपवर दम भरला, फालतू मेसेज बंद. समाधानला मात्र सोडलं. "ढगेला राहू द्या, त्याचं ते व्यसन आहे," असं तो म्हणाला. तेव्हापासून हे काम एकट्या समाधानचं झालं, अगदी तो रजेवर असला तरी. अशा दिवशी आम्रपाली वस्तीच्या तोंडाशी उभी राहून त्याला मिस्ड कॉल द्यायची आणि तो घरातून चित्र टाकायचा.

चित्र निवडायचं काम दिव्याचं. रोज संध्याकाळी ती बापाच्या मोबाइलवर आलेली चित्रं अंगठ्याने सरकवत जायची आणि एकावर बोट ठेवायची. "उद्याचा हा." तिला वाचता येत नव्हतं. फुलांपेक्षा पक्षी आवडायचे. समाधान ते चित्र बाजूला काढून ठेवायचा. खाली काय लिहिलंय, ते त्यानेही कधी वाचलं नाही.

ऑक्टोबरात मिनलला ताप आला. साधा म्हणून दोन दिवस अंगावर काढला, मग डेंगी निघाला, मग प्लेटलेट उतरत गेल्या. तिला दवाखान्यात ठेवलं. समाधानने रजा टाकली. दिव्याला कासारवाडीला आजोबांकडे पाठवलं. रोज संध्याकाळी मिनलची थोरली बहीण रुपाली दिव्याला घेऊन दवाखान्याच्या फाटकापर्यंत यायची. लहान मुलांना आत सोडत नाहीत. रुपाली वर जाऊन बहिणीपाशी बसायची आणि तेवढा वेळ समाधान फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर मुलीला घेऊन बसायचा. शेवटच्या संध्याकाळी दिव्याने तिथेच चिमण्यांवर बोट ठेवलं.

"ही जाडी चिमणी आजोबांसारखी आहे," ती म्हणाली.

पहाटे डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी सांगितलं. समाधानने दाखवतील तिथे सह्या केल्या. थोड्या वेळाने खिशातला मोबाइल एकदा वाजून बंद झाला. आम्रपालीचा मिस्ड कॉल होता. त्याने मोबाइल काढला, बाजूला ठेवलेलं चित्र ग्रुपवर टाकलं आणि मोबाइल परत खिशात ठेवला. बस आत वळली. पाळीला लोक वेळेवर पोचले. मिनल गेल्याचं त्यांना दुपारी कळलं.

चित्र पाठवल्याचं समाधानला आठवत नाही. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याचा तक्ता होता आणि आपण तो पुन्हा पुन्हा पाहत होतो, एवढंच त्याला आठवतं.

उजाडल्यावर रुपाली आली. नातेवाइकांना कळवायचं होतं आणि समाधानचे हात चालत नव्हते, म्हणून तिने त्याचा मोबाइल मागून घेतला. मेसेज लिहिता लिहिता तिला वरच्या बाजूला बसचा ग्रुप दिसला. त्यात चिमण्या होत्या.

रुपाली अडतीस वर्षांची आहे. खासगी क्लासच्या ऑफिसात काम करते, वडिलांबरोबर कासारवाडीत राहते. तिच्या नवऱ्याने दुसरा संसार मांडला तो तिला सर्वांत शेवटी कळला. "सगळं मेसेजमध्ये दिसत होतं, मलाच वाचता आलं नाही," असं ती म्हणते. घटस्फोटानंतर ती वाचायला शिकली. आता ती फेसबुकवर बायकांचा एक गट चालवते. बायका नवऱ्यांचे, सासवांचे, नणंदांचे मेसेज तिथे आणून टाकतात आणि त्यात काय दडलंय ते रुपाली सांगते. उत्तर किती वेळाने आलं, 'हो' लिहिलं की 'हं', कोणता चेहरा लावला, स्टेटस कोणापासून लपवला. ती उगाच बोलते असं नाही. देहूरोडच्या एका मुलीने एकदा गटात फक्त 'सगळ्यांना धन्यवाद' एवढंच लिहिलं होतं. रुपालीला ते खटकलं. तिने धडपडून पत्ता मिळवला, शेजाऱ्यांना त्या घरी पाठवलं आणि जीव द्यायला निघालेली ती मुलगी वाचली. तिची आई अजून दर दिवाळीला रुपालीसाठी फराळ घेऊन येते. आपल्याला जे दिसतं ते असतंच, याची रुपालीला खात्री होती.

तेरावं झाल्यावर तिने ते चित्र गटात टाकलं. समाधानचं नाव झाकलं. वर लिहिलं, 'माझी बहीण पाच वाजून पाच मिनिटांनी गेली. हे तिच्या नवऱ्याने पाच वीसला पाठवलं. काय समजायचं?'

उत्तरं भराभर आली. सुटलो असं वाटलं असणार. दुसरी कोणी तरी आहे, त्या ग्रुपमध्ये बायका किती ते बघा. अशा लोकांना आतून काहीच वाटत नसतं, मी याचा कोर्स केलाय. तापाचं निमित्त असेल, रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. मुलीला त्याच्या हाती देऊ नका, ताई. या शेवटच्या वाक्याला सर्वांत जास्त अंगठे मिळाले. एकीने विचारलं होतं, 'त्यांना विचारलंत का?' तिला कोणी उत्तर दिलं नाही.

नाव झाकलं तरी माणूस झाकला जात नाही. मिनलकडे ब्लाउज शिवून घेणाऱ्या एका बाईने ते वाचलं आणि वस्तीत सांगितलं. किराणा दुकानदार समाधानला बघून नेहमी "बोला भाऊ" म्हणायचा. तो आता सामानाची पिशवी पुढे सरकवून दुसरीकडे बघू लागला. शेजारच्या खोलीतली बाई समाधान दिसला की पोरांना आत बोलवायची.

दिव्या कासारवाडीतच राहिली. आधी 'थोडे दिवस राहू दे', मग 'शाळेचं बघू', मग काहीच नाही. समाधानने गावाहून आई सोजराबाईला आणलं. घरात पोरीचं करायला माणूस आहे हे दाखवायचं होतं. आणि एका रविवारी तो मुलीला न्यायला सासुरवाडीला गेला.

सासरे नानासाहेब पिंपरीच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले. लग्नापासून ते त्याला जावईबापू म्हणत. त्या दिवशी म्हणाले, "बसा, समाधानराव."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मागून कार्टूनचा आवाज येत होता.

समाधानने बसचं सगळं सांगितलं. भुयार, धोंडीबा, सुपरवायझर, मिस्ड कॉल. त्याला सलग बोलायची सवय नाही. मधलं आधी, आधीचं नंतर असं होत गेलं.

रुपालीने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "छान आहे. किती दिवस लागले जुळवायला?"

"ताई, खोटं नाही."

"माझ्याकडे रोज येतात हो अशा गोष्टी. खरी गोष्ट एका वाक्यात संपते."

नानासाहेबांनी हाताने तिला थांबवलं. "असं करा, बसमधलं एक माणूस आणा. एकच. त्याने इथे समोर बसून सांगू दे. पुढच्या रविवारी बैठक घेऊ, तुमच्या आईलाही आणा."

"दिव्याला भेटू का?"

"ती खेळतेय," रुपाली म्हणाली.

सोमवारी दुपारी पाळी सुटल्यावर, बस चाकण चौकातल्या गर्दीत अडकली असताना, समाधानने उभं राहून विचारलं. बसमध्ये त्याने असं उभं राहून काही बोलण्याची ही पहिलीच वेळ.

"वकील कर, भावा," मागून ज्ञानेश म्हणाला. तो समाधानच्याच लाइनवर वेल्डर आहे, वयाने लहान, तोंडाने मोकळा. "बाप आहेस तू तिचा. कायदा तुझ्या बाजूने आहे."

"मग काय करू, पोलीस घेऊन जाऊ लेकरासमोर?"

"तसं नाही राव. बरं, मी येतो साक्षीला. पण मला बघून तुझा सासरा म्हणेल, गुत्त्यावरून उचलून आणलाय."

"तुझं तोंड बघून सासराच घर सोडून जाईल," पुढच्या सीटवरच्या बाईने सुनावलं. दोघेचौघे हसले. मग कशावर हसतोय ते लक्षात येऊन थांबले.

आम्रपाली खिडकीकडच्या सीटवर होती. ती त्याच कारखान्यात स्टोअरला आहे. म्हणाली, "दादा, मिस्ड कॉल माझा होता. वहिनी गेल्याचं मला माहीत असतं तर मी दिलाच नसता. तेव्हापासून तो फोन हातात घ्यायला नको वाटतो."

"मग तू चल. तू सांगितलं तर ऐकतील ते."

"त्या बाईच्या गटात किती लोक आहेत बघितलंय का तुम्ही? मी तिथे बोलले, की सकाळपर्यंत सुपरवायझरच्या मोबाइलवर. धोंडीबा काका घरी बसणार आणि आम्ही परत भुयारातून." ती थांबली. "मला तुमच्यासाठी यायचंय. पण मी नाही येऊ शकत. मी त्या भुयारातून गेलेली आहे."

समाधान खाली बसला. धोंडीबा समोर बघून बस चालवत होता.

पुनावळ्याला सगळे उतरले. समाधान शेवटचा होता.

"ढगे," धोंडीबाने हाक मारली. "आईतवारी किती वाजता हाय ते?"

"काका, तुमची नोकरी..."

"म्या काय इचारलं?"

"अकराला."

"कासारवाडीत कुटं?"

बैठकीला धोंडीबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला. नानासाहेब, रुपाली आणि शेजारचे दोन वडीलधारे एका बाजूला, समाधान आणि सोजराबाई दुसऱ्या बाजूला. दिव्याला शेजारी खेळायला पाठवलं होतं. तिच्या चपला मात्र दाराशी होत्या. ती कोणाच्या तरी मोठ्या चपला घालून गेली असणार.

धोंडीबाने पाणीही घेतलं नाही. "आमी आडाणी मानसं, पर जे हाय ते सांगतो. पोरीला भुयारात आडवली, तवापासनं म्या बस आत घेतो. मालकाला ठावं न्हाई. ह्याचं चित्र आलं तर वळतो, न्हाई तर सरळ जातो. त्या दिशी चित्र आलं, म्या वळलो. आठ बाया उब्या हुत्या वस्तीच्या तोंडाशी."

"आणि कोणी विचारलं तर?" नानासाहेबांनी विचारलं.

"हवा भराया वळलो म्हनायचं."

नानासाहेबांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काही हललं. "आमच्या वेळी रेडिएटरमध्ये पाणी घालायला थांबायचे."

"व्हय, ते जुन्या गाड्यान्ला. आता न्हाई चालत."

तीस वर्षं कंपनीच्या बसने गेलेल्या माणसाला आणखी काही विचारायचं नव्हतं. नानासाहेब मुलीकडे वळले. "रुपाली, हे तुझ्या तिथे लिहायचं नाही. या माणसाच्या पोटाचा प्रश्न आहे."

"नाही लिहिणार," रुपाली म्हणाली, आणि तिने तो शब्द पाळला. त्याचा परिणाम असा झाला, की मूळ मजकूर आजही तिथेच आहे. काढला तर बायका कारण विचारतील, कारण द्यायचं तर बसचं सांगावं लागेल.

सोजराबाईने पदराने तोंड पुसलं. "मंग आता लेकराला घेऊन जाऊ का, माय?"

"एक मिनिट," रुपाली म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "बसचं पटलं मला. मी चुकले असेन, माफी मागते. पण चित्राचं काय? तुमच्या मोबाइलवर रोज ढिगाने येतात. नुसतं एखादं फूल नव्हतं? नुसता सूर्य नव्हता? 'हसत राहा, आयुष्य सुंदर आहे.' माझी बहीण आत पडली होती आणि तुम्ही हे बाजूला काढून ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळची वेळ आहे त्याच्यावर, मी बघितलीय. मी वर तिचे पाय दाबत होते तेव्हाची. खाली बसून तुम्ही हे निवडत होतात. का निवडलं, एवढंच सांगा. मी आत जाऊन तिची बॅग भरते."

समाधानने बोलायला तोंड उघडलं.

उत्तर एका वाक्याचं होतं आणि ते त्याच्या जिभेवर होतं. दिव्याच्या चपला त्याला बसल्या जागेवरून दिसत होत्या. ते वाक्य एकदा या खोलीत पडलं की रुपालीकडे राहील, या दोन म्हाताऱ्यांकडे राहील, त्यांच्या घरी जाईल. वस्तीत जाईल. गटात जाईल की नाही, सांगता येत नाही. पण कोणी तरी, कधी तरी, चांगल्या मनानेच, मुलीला सांगेल. आई गेली त्या सकाळी जे चित्र फिरलं, ज्यावरून एवढं झालं, ते तू निवडलं होतंस.

"दिसलं ते घेतलं," तो म्हणाला.

"दिसलं ते."

"हो."

"बोल की रे," सोजराबाई म्हणाली. "मुक्यावानी काय बसलास? सांग ना त्याह्यला, कशामुळं घेतलं ते."

समाधान दाराशी पडलेल्या चपलांकडे बघत राहिला. रुपालीने वडिलांकडे पाहिलं. एवढा वेळ न बोलणाऱ्या माणसाबद्दल जो निष्कर्ष निघायचा तो खोलीतल्या सगळ्यांनी आपापल्या मनात काढला. शेजारच्यांपैकी एकाने घसा साफ केला.

"पोरगी सध्या इथेच राहू दे," नानासाहेब म्हणाले. "तुम्ही रविवारी येऊन भेटत जा, समाधानराव."

सध्या म्हणजे किती, हे कोणी विचारलं नाही.

रस्त्यावर आल्यावर धोंडीबाने त्याचा दंड धरला. सोजराबाई पुढे निघून गेली होती. "का रं गप बसलास? नोकरी पणाला लावून आलो म्या. जत्रा बघाया आनलावतास व्हय मला?"

"दिव्यानं निवडलं होतं, काका. रोज तीच निवडते."

"आरं मंग हे सांगायचं सोडून..."

"आज सांगितलं तर मी आज सुटतो. ती मोठी झाल्यावर तिला कोणी सांगितलं तर ती कशी सुटंल?"

धोंडीबाने खिशातून बिडी काढली, काडी ओढायला घेतली आणि तशीच विझू दिली. कासारवाडी स्टेशनात लोणावळ्याची गाडी लागत होती, लोक त्यांना ओलांडून धावत होते.

"हे मला बी सांगाया नको हुतंस," तो म्हणाला.

बस अजून आत वळते. समाधान सकाळी ग्रुपवर आता चित्र टाकत नाही. ज्ञानेशने त्याला पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांत नुसतं 'सुप्रभात' करून दिलंय, तेच रोज जातं. सुपरवायझरने एकदा लिहिलं, 'काय ढगे, चित्रं संपली का?' त्यावर बसमधल्या दोघांनी हसणारे चेहरे टाकले. टाकले नसते तर त्याला संशय आला असता. समाधानला ते माहीत आहे. तरी ते चेहरे त्याने बराच वेळ पाहिले.

पुढच्या रविवारी तो कासारवाडीला गेला. जाताना केळी नेली, कारण मुलीसाठी खेळणं नेलं तर त्याचाही काही अर्थ काढला जाईल असं त्याला वाटलं. नानासाहेब बाहेर गेले होते. रुपाली जमिनीवर बसून मेथी निवडत होती. ती उठून आत गेली नाही. बाप-लेकीला एकटं सोडायचं नाही, असं तिने ठरवलं असावं.

दिव्याने केळं सोललं, अर्धं खाल्लं, शाळेतल्या कोणा मुलीचा दात पडल्याचं सांगितलं. मग बापाच्या मांडीला टेकून हात पुढे केला.

"पप्पा, मोबाइल दे ना."

पुढचं वाक्य काय येणार ते समाधानला पाठ होतं. गेल्या कित्येक आठवड्यांत कोणीही तिला त्या चित्रांबद्दल काही विचारलं नव्हतं, म्हणून ती काही बोलली नव्हती. आता तिने ते वाक्य म्हटलं की हाताच्या अंतरावर बसलेल्या रुपालीला सगळं कळणार होतं. कदाचित बॅग भरली जाईल. कदाचित दिव्या आजच पुनावळ्याला येईल. त्याने हा विचार शेवटपर्यंत केला. मेथीची काडी मोडायचा आवाज थांबला होता.

"बिघडलाय, बाळा," तो म्हणाला.

"कसा?"

"पडला हातातून. लागतच नाही."

तेवढ्यात त्याच्या सदऱ्याच्या खिशात मोबाइल वाजला. घरून आईचा फोन होता. आज लेकराला आणतोस का, एवढंच विचारायला तिने केला होता. पातळ कापडातून पडद्याचा उजेड दिसत होता. दिव्याने खिशाकडे पाहिलं, मग बापाकडे.

"वाजतोय की."

समाधानने खिशावर हात ठेवला. फोन वाजत राहिला आणि मग थांबला.

"तिच्याशी पण खोटं?" रुपाली म्हणाली. ती रागावलेली नव्हती. आपण आधी काढलेला निष्कर्ष बरोबर निघाला की माणूस जसा शांत होतो, तशी ती शांत होती.

दिव्याने पुढे केलेला हात मागे घेतला, उरलेलं केळं उचललं आणि मावशीजवळ जाऊन बसली. समाधान आणखी थोडा वेळ बसला. मग चपला घालून निघाला.

सोमवारी सकाळी पांढऱ्या पाटीवरचं सुप्रभात गेलं, बस आत वळली. त्याच्या पुढच्या रविवारी दिव्याने मोबाइल मागितला नाही.